टेलिफोन खात्याच्या जुन्या टेपा : ओळखायच्या कशा, जपायच्या कशा?

वेंगुर्ल्यातल्या एखाद्या माळ्यावर ट्रंक कॉल जोडायला शिकवणारी टेप सापडली, तर लगेच वाजवू नका हं! आधी लेबल वाचा. 'डाक-तार विभाग' असेल तर बहुधा १९८५ पूर्वीची, 'दूरसंचार विभाग' असेल तर त्यानंतरची, 'बीएसएनएल' असेल तर ऑक्टोबर २००० नंतरची. लेबल गळून पडलंय? रीळ उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला तर अ‍ॅसिटेट, नाहीतर बहुतेक पॉलिएस्टर. अ‍ॅसिटेटला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती कुजायला लागलीय. तिची नक्कल सगळ्यात आधी करून घ्या.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. पांढरी बुरशी दिसली की ती टेप वेगळी ठेवा. यंत्रात घातलीत तर बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या टेपेलाही लागते. कॅसेट असेल तर मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे चिमुकले तुकडे मोडून टाका. नाहीतर एक चुकीचं बटण, आणि ऑपरेटरच्या आवाजावर आपलीच बडबड!