पहिले धनुष्य

धनुष्याविषयी आपल्या पुराणांनी आपल्या मनात एक समजूत फार खोलवर रुजवून ठेवली आहे. जनकाच्या सभेत शिवधनुष्य आणले गेले ते उचलणाऱ्याचे बळ पाहण्यासाठी. द्रुपदाने तर मुद्दामच असे कठीण धनुष्य करविले, की स्वयंवराला जमलेल्या भल्याभल्या राजांना त्याची दोरी चढविता येईना. दोन्ही कथांत धनुष्य परीक्षक आहे आणि माणूस परीक्षार्थी. अवघड काम कोणी अंगावर घेतले, की त्याने शिवधनुष्य उचलले असे आपण आजही म्हणतो. ही समजूत काव्यात शोभून दिसते. पण क्रीडासाहित्याच्या दुकानात ती बरोबर नेली, तर पैसा वाया जातो, खांदा दुखावतो आणि एक चांगला छंद अंकुरताच सुकून जातो. तिरंदाजीचे पहिले धनुष्य घेताना परीक्षा माणसाने द्यावयाची नसते. ती धनुष्याची घ्यावयाची असते. ती कशी घ्यावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

विषय प्रसंगोचितही आहे. 2023 साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात नागपूरचा ओजस देवतळे आणि सातारा जिल्ह्यातील आदिती स्वामी या दोघांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली. अशी वार्ता घरी पोचली, की मुलेमुली धनुष्य मागतात, आणि पालकही हौसेने बाहेर पडतात. जगज्जेता जे धनुष्य वापरतो त्याच्या जवळपासचे धनुष्य मुलाच्या हाती द्यावे, म्हणजे तो लवकर तयार होईल, असे त्यांना वाटते. वस्तुतः घडते ते नेमके उलट.

प्रथम धनुष्याचे प्रकार पाहू. आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकार वापरात आहेत. पहिला बांबूच्या वा लाकडाच्या साध्या धनुष्याचा. हे धनुष्य स्वस्त, देशी आणि प्रामाणिक. ‘इंडियन राउंड’ या नावाने त्याच्या वेगळ्या स्पर्धाही होतात, आणि त्यांत नेम धरण्यास कोणतेही उपकरण नसते. जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोचलेली झारखंडची दीपिका कुमारी लहानपणी घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यावरच सराव करीत असे. असे धनुष्य घेताना दोरी चढवून ते डोळ्यासमोर उभे धरावे. वरचे आणि खालचे पाते सारखे वाकले आहे ना, दोरी मुठीच्या मध्यावरून जाते ना, बांबूच्या पेरांपाशी चीर नाही ना, हे पाहावे. त्याचा ताण मात्र पुढे वाढविता येत नाही. बळ वाढले की धनुष्य बदलावे लागते.

दुसरा प्रकार रिकर्व्हचा, म्हणजे टोके बाहेरच्या बाजूस वळलेल्या धनुष्याचा. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक स्पर्धा याच धनुष्याची असते. तेथे लक्ष्य 70 मीटरांवर उभे असते. त्याचा व्यास 122 सेंटिमीटर, आणि दहा गुणांचे वर्तुळ केवळ 12.2 सेंटिमीटरांचे.

तिसरा प्रकार कंपाउंडचा. याच्या टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ओढली गेली, की चाकांच्या रचनेमुळे हातावरचा भार एकदम उतरतो. ओढताना 40 पाउंड लागणारे धनुष्य धरून ठेवताना जेमतेम 10 पाउंडांचे वाटू शकते. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेला प्रवेश मिळाला असल्यामुळे त्याचे आकर्षण वाढणे स्वाभाविक आहे. परंतु हे यंत्र आहे, आणि ते त्या-त्या माणसाच्या मापाला जुळवून घ्यावे लागते. दोरी बदलण्यासाठीसुद्धा बहुधा वेगळे साधन आणि जाणता माणूस लागतो. गावात असा माणूस असेल, तरच या वाटेने जावे. नवशिक्याला, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलाला, सुटे भाग जोडून तयार होणारे रिकर्व्ह अधिक सोयीचे, असे माझे मत आहे. म्हणून यापुढील विवेचन मुख्यतः त्याविषयी.

धनुष्य उजवे की डावे, हा पहिला प्रश्न. आणि त्याचे उत्तर हात देत नाही, डोळा देतो. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक नेम धरण्यात प्रमुख असतो. तो ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दोन्ही हात समोर लांब करून पंजांच्या मध्ये एक लहान त्रिकोणी फट करावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरचे घड्याळ किंवा दिवा पाहावा. मग एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. ज्या एकट्या डोळ्याला ती वस्तू फटीत जागच्या जागी दिसते, तो प्रमुख डोळा. तो उजवा असेल तर उजवे धनुष्य घ्यावे. ते डाव्या हातात धरतात आणि दोरी उजव्या हाताने ओढतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्या काही जणांचा डावा डोळा प्रमुख असतो. त्यांनी प्रशिक्षकाला विचारल्यावाचून खरेदी करू नये.

दुसरा प्रश्न लांबीचा. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. जो आकडा येईल ती आपली ओढ, असे स्थूलमानाने धरावे. समजा, एका मुलीच्या पसरलेल्या हातांचे माप 160 सेंटिमीटर, म्हणजे 63 इंच, भरले. तर तिची ओढ सुमारे 25 इंच झाली. 26 इंचांपर्यंतच्या ओढीला 66 इंच लांबीचे, 26 ते 28 इंचांच्या ओढीला 68 इंचांचे आणि त्याहून अधिक ओढीला 70 इंचांचे धनुष्य साधारणपणे योग्य ठरते. लहान मुलांसाठी याहून आखूड धनुष्ये मिळतात. उंच माणसाने फार आखूड धनुष्य घेतले, तर शेवटच्या इंचाला ते एकाएकी जड होते आणि दोरीच्या तीव्र कोनात बोटे चिमटली जातात.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ताण किती असावा? तो पाउंडांत मोजतात आणि धनुष्याच्या पात्यावर लिहिलेला असतो. खेळाडू या पात्यांना ‘लिंब’ म्हणतात. आपल्या अंगणातल्या लिंबाशी त्याचा काही संबंध नाही! पात्यावरचा आकडा 28 इंचांच्या ओढीला धरून दिलेला असतो, आणि दर इंचामागे सुमारे दोन पाउंडांचा फरक पडतो. म्हणून 24 पाउंडांचा शिक्का असलेले धनुष्य आपल्या उदाहरणातील मुलीच्या हाती सुमारे 18 पाउंडांचे होईल, तर 30 इंच ओढीच्या उंच तरुणाच्या हाती ते 28 पाउंडांचे होईल. छापलेला आकडा आणि हातात येणारा भार यांतील हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय खरेदी करणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा घेणे होय.

हातात येणारा भार दहाबारा वर्षांच्या मुलांसाठी 14 ते 18 पाउंड, मोठ्या मुलामुलींसाठी 18 ते 24, प्रौढ स्त्रियांसाठी 18 ते 22 आणि प्रौढ पुरुषांसाठी 22 ते 28 पाउंड असावा. हे आकडे ऐकून कित्येक धट्ट्याकट्ट्या गृहस्थांना हसू येईल. चाळीस पाउंडांचे धनुष्य एकदा ओढून दाखविणे त्यांना खरोखरच कठीण नाही. पण तिरंदाजी हा एकदा ओढण्याचा खेळ नव्हे. सरावाच्या एका बैठकीत शंभर बाण सहज सोडले जातात. शंभर वेळा 18 पाउंड ओढले, म्हणजे एकंदर आठ क्विंटलांहून अधिक भार खांद्याने ओढला. तेच धनुष्य 30 पाउंडांचे असेल, तर ही बेरीज साडेतेरा क्विंटलांच्या वर जाते. शिवाय हे ओझे पाठीवर घेऊन चालावयाचे नसून, प्रत्येक वेळी हनुवटीपाशी आणून तेथे स्थिर धरावयाचे असते.

जड धनुष्याचा खरा तोटा यातच आहे. ते धरवत नाही, म्हणून मुलगा दोरी हनुवटीपर्यंत पोचण्याआधीच सोडून देतो. खांदा कानाकडे चढतो, कंबर मागे झुकते, ओढण्यासाठी धनुष्य आभाळाकडे वळवावे लागते. या सवयी महिन्याभरात अंगात मुरतात आणि वर्षभरात निघत नाहीत. खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू दुखावले तर सराव थांबतो, आणि थांबलेला सराव बहुधा पुन्हा सुरू होत नाही. मग ते महागडे धनुष्य कपाटावर जाऊन बसते, आणि घरातील मंडळी म्हणतात, ‘आमच्या मुलाला त्यात गोडी नाही.’ गोडी त्याला होती. धनुष्य त्याचे नव्हते.

यावर दुकानातच करण्यासारखी एक परीक्षा आहे. धनुष्य समोर सरळ धरून, न झुकता, सावकाश पूर्ण ओढावे. मनात दहा अंक मोजावेत. आणि दोरी न सोडता तितक्याच सावकाश परत आणावी. असे थोड्या थोड्या विश्रांतीने पाचसहा वेळा करावे. शेवटच्या खेपेला हात थरथरला, तर ते धनुष्य आपले नव्हे. मात्र बाण लावल्यावाचून ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणाने घेऊन जावयाची शक्ती अशा वेळी पात्यांतच परत फिरते आणि पाते दुभंगू शकते.

बळ वाढल्यावर काय करावे? येथे सुट्या भागांच्या रिकर्व्हचा उपयोग दिसून येतो. त्याचा मधला दांडा, ज्याला रायझर म्हणतात, तो तोच ठेवून केवळ पाती बदलता येतात. ‘आय. एल. एफ.’ या सर्वमान्य जोडणीचा दांडा घेतला, तर निरनिराळ्या उत्पादकांची पाती त्यावर बसतात, आणि बुंध्याचे स्क्रू फिरवून ताण थोडाफार कमीजास्तही करता येतो. म्हणून हाती असलेल्या पैशातून दांडा चांगला घ्यावा आणि पाती साधी, स्वस्त घ्यावीत. दांडा अनेक वर्षे टिकेल. पाती मात्र प्रगती झाली तर थोड्याच महिन्यांत बदलावी लागतील. एका वेळी दोन ते चार पाउंडांहून अधिक वाढ करू नये. पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षण केंद्रात पहिले काही आठवडे तेथलेच धनुष्य वापरावयास मिळते. तसे मिळत असेल, तर ते वापरून मगच खरेदी करणे सर्वांत शहाणपणाचे.

धनुष्याच्या गडबडीत बाणांकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. सुटताना बाण सरळ जात नाही. तो किंचित वाकून दांड्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. तो किती वाकावा हे धनुष्याच्या ताणावर अवलंबून असते. बाणाचा ताठपणा असा मोजतात: 28 इंच अंतरावरील दोन आधारांवर बाण ठेवून मध्ये 880 ग्रॅमचे वजन टांगतात, आणि तो इंचाचा कितवा हजारांश वाकला तो आकडा घेतात. म्हणजे 1000 क्रमांकाचा बाण बरोबर एक इंच वाकतो आणि 500 क्रमांकाचा अर्धा इंच. हलक्या धनुष्याला मोठ्या क्रमांकाचा, म्हणजे लवचीक बाण लागतो. नवशिक्याचा बाण त्याच्या ओढीहून एकदोन इंच लांबच असावा. आखूड बाण ओढताना आधारावरून मागे घसरतो, आणि तशा स्थितीत सुटला तर तो धनुष्य धरणाऱ्या हातातच शिरण्याचा धोका असतो. कार्बनचा बाण वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी हलकेच वाकवून पाहावा. तडकल्याचा आवाज आला तर तो मोडून टाकावा.

याखेरीज बोटांसाठी चामड्याचा टॅब, हातासाठी आर्म गार्ड, छातीसाठी चेस्ट गार्ड आणि दोरी चढविण्यासाठी स्ट्रिंगर, एवढे साहित्य आवश्यक समजावे. पायात अडकवून दोरी चढविण्याची जुनी रीत पाती पिळवटून टाकते. आणि घराची गच्ची अथवा सोसायटीचे आवार हे सरावाचे ठिकाण नव्हे. वीस पाउंडांच्या धनुष्याचा बाणही शंभर मीटरांच्या पलीकडे जाऊ शकतो. लक्ष्यामागे भक्कम आडोसा आणि मोकळे, निर्मनुष्य मैदान असेल तेथेच बाण लावावा.

आता कोणी विचारील, की एवढ्या हलक्या धनुष्याने 70 मीटरांवरचे लक्ष्य कसे गाठावे? ते गाठावयाचेच नाही, निदान पहिल्या वर्षी नाही. आरंभी दहा मीटर आणि मग अठरा मीटर पुरे आहेत, आणि तेवढ्यासाठी हलके धनुष्य पुरेसे आहे. अठरा मीटरांवर बाण एकमेकांजवळ पडू लागले, आणि शंभरावा बाणही पहिल्याइतक्याच शांतपणे सुटू लागला, की नवी पाती आणण्याची वेळ झाली असे समजावे. तोवर शेजारच्या मुलाच्या धनुष्यावर कितीही मोठा आकडा छापलेला असो, त्याकडे पाहण्याचे कारण नाही.