हाकेच्या अंतरावर

मढच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसून वर्सोव्यास उतरावे, वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास अंगावरून पुरता गेलेला नसतानाच मेट्रोचे स्थानक गाठावे, आणि खिशातले कार्ड फाटकावरच्या खुणेपाशी न्यावे, की दार उघडते. तेच कार्ड वीतभर दूर धरले तर मात्र दार ढिम्म हलत नाही. उलट सागरी सेतूच्या पथकरनाक्यावर मोटारीच्या काचेवरील फास्टॅग काही मीटरांवरून वाचला जातो. दोन्ही वस्तू आर.एफ.आय.डी., म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटवणाऱ्या टॅगांच्या, एकाच कुळातल्या, दोहोंतही विजेरी नाही. मग एकीला एवढी जवळीक का हवी आणि दुसरीला का नको, हा प्रश्न समजून घेण्याजोगा आहे.

या टॅगात तिळाएवढी किंवा त्याहूनही लहान चिप आणि तिला जोडलेली धातूची अँटेना, एवढाच ऐवज असतो. वाचक-यंत्राने सोडलेल्या रेडिओलहरींतूनच ती चिप आपल्यापुरती ऊर्जा घेते, जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. फास्टॅगची रीत उन्हात आरसा धरून भिंतीवर कवडसा पाडणाऱ्या मुलासारखी आहे: ऊन सूर्याचे, पण आरसा झाकून-उघडून खूण करणारा हात मुलाचा. परावर्तित लहरींनी निरोप धाडण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी 1948 साली एका निबंधात मांडली होती. आपल्याकडे 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा ती घरोघरी पोहोचली.

अंतराचा हिशेब वारंवारितेपासून सुरू होतो. मेट्रोचे कार्ड 13.56 मेगाहर्ट्झवर, वेटोळ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावर जगते. हे क्षेत्र अंतर दुप्पट होताच सुमारे एक-अष्टमांश उरते, म्हणून त्याची सत्ता साधारण 10 सेंटिमीटरांत संपते. फाटकाशी उभ्या असलेल्याचेच भाडे वळते व्हावे, मागच्याचे नव्हे, यासाठी ही मर्यादा सोयीचीच आहे. फास्टॅग 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. तेथे लहर मोकळी होऊन दूर जाते आणि दुप्पट अंतरावर तिची शक्ती चतुर्थांश उरते. म्हणून टॅग दुप्पट लांबून वाचायचा तर यंत्राची शक्ती चौपट करावी लागते, आणि शक्तीवर सरकारी नियमांची मर्यादा असतेच.

शिवाय वेष्टनावर छापलेले अंतर मोकळ्या हवेतले असते. हाच टॅग मासळीच्या ओल्या पाटीवर लावला, तर खारे पाणी लहरी गिळून टाकते आणि अंतर झपाट्याने आखडते. नुसत्या पत्र्यावर चिकटवला, तर धातू त्याचा सूर बिघडवतो. फास्टॅग बॉनेटवर न लावता काचेच्या आतून लावतात तो याच कारणाने. आणि त्याची अँटेना यंत्राच्या दिशेशी आडवी-तिडवी झाली, तरी वाचन हुकते.

पाण्यातून पार जाणाऱ्या लहरी निराळ्या, 125 ते 135 किलोहर्ट्झच्या आसपासच्या. प्राण्यांच्या कातडीखाली बसविण्याच्या तांदळाएवढ्या चिपा त्यांवर चालतात. 2009 साली अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला बाहेर काढून, वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय व वनखात्याच्या मंडळींनी त्याच्या कातडीखाली अशीच चिप बसवली, गळ्यात जी.पी.एस. पट्टा घातला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. ‘आजोबा’ या नावाने पुढे महाराष्ट्रभर परिचित झालेला हा प्राणी सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीशी आला, ते त्या पट्ट्यामुळे कळले. पट्टा मात्र पुढे मुका झाला. 2011 साली वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मरण पावला, तेव्हा तो आजोबाच, ही ओळख त्याच्या अंगातल्या चिपेने पटवली.

दूरवरून बोलणाऱ्या पट्ट्याला विजेरी होती, आणि विजेरीला आयुष्याची मर्यादा होती. चिपेला विजेरीच नव्हती. म्हणून अवघ्या काही बोटांवरूनच तिला ऐकू येत होते, आणि म्हणूनच इतक्या काळानंतर कुणीतरी यंत्र अगदी अंगाशी नेले, तेव्हा उत्तर द्यायला ती तेथे होती. टॅग किती लांबून वाचता येतो, असे आपण दुकानात विचारतो, तेव्हा त्याला किती काळ आणि कशाच्या आड राहून उत्तर द्यायचे आहे, हेही विचारावे.