घशाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया : जखम भरण्याची तयारी आधीपासूनच हवी

घशाचा कर्करोग बळावल्यावर काही रुग्णांचे स्वरयंत्र पूर्णपणे काढून टाकावे लागते. गाठ निघाली म्हणजे संकट टळले, असे कुटुंबीयांना वाटते; परंतु त्यानंतरचे पहिले दोन आठवडे जखमेच्या दृष्टीने कसोटीचे असतात.

स्वरयंत्र काढल्यावर शल्यचिकित्सक घशातील अन्नमार्ग टाके घालून पुन्हा शिवतात. ही शिवण कुठे उसवली, तर लाळ झिरपून मानेच्या त्वचेपर्यंत वाट काढते. यालाच ‘फिस्टुला’ म्हणतात. त्यामुळे जंतुसंसर्ग होतो, नळीवाटे आहार द्यावा लागण्याचा काळ लांबतो आणि क्वचित मानेतील मोठी धमनी फुटून जिवावर बेतते. शिवाय शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात; न भरलेली जखम त्यालाही विलंब लावते.

हा धोका वाढविणारे सर्वांत मोठे कारण म्हणजे आधी घेतलेले किरणोपचार. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, ऊती कडक होतात आणि जखमेला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. झालेले किरणोपचार पुसून टाकता येत नाहीत; म्हणून अशा रुग्णांत अनेकदा छातीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसह मानेत वळवून शिवणीला आधार दिला जातो.

इतर अनेक कारणांवर मात्र आधीच उपाय करता येतो. गिळता न आल्याने रुग्ण खंगलेला असतो. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन प्रति डेसिलिटर 3.5 ग्रॅमपेक्षा कमी असणे आणि रक्तक्षय, ही दोन्ही धोक्याची चिन्हे होत. तोंडाने खाणे जमत नसेल, तर नळीवाटे पोषण देता येते. अनियंत्रित मधुमेहात संसर्ग बळावतो. मानेवरील किरणोपचारानंतर थायरॉइडचे कार्य मंदावू शकते. त्यानेही जखम भरणे रेंगाळते. साध्या रक्तचाचणीत हा दोष कळतो. धूम्रपान शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे थांबविल्यास लाभ होतो; परंतु त्यासाठी कर्करोगाची शस्त्रक्रिया लांबवू नये, निदानाच्या दिवशीच विडी-सिगारेट सोडावी.

शस्त्रक्रियेनंतर ताप, मानेवर लाली, सूज किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मायेपोटी दिलेला पाण्याचा घोटही ओल्या शिवणीला घातक ठरू शकतो.