फेरफार क्रमांक कोणत्या गावचा? आराखड्यांतल्या संदर्भांविषयी काही गैरसमज

काटेवाडीतल्या कोणत्याही गटाचा सातबारा काढा. खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक दिसेल. जमीन खरेदीने आली, वारसाने आली की वाटणीत मिळाली, हे सातबारा सविस्तर सांगत नाही. ते वाचायला गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही उघडावी लागते. त्याच खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र पाहायची असेल तर खाते क्रमांक धरून आठ-अ काढायचा. एका नोंदवहीतला मजकूर दुसरीत पुन्हा उतरवायचा नाही, तिथे फक्त क्रमांक द्यायचा, अशी महसुलाच्या दप्तराची ही बांधणी आहे.

संगणकातही अशीच बांधणी असते. तिथे माहितीचे आराखडे लिहिण्यासाठी जेसन स्कीमा ही पद्धत वापरतात. एका आराखड्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं असेल तर त्यात ‘रेफ’ हा शब्द येतो. त्याच्या आधी डॉलरचं चिन्ह असतं, म्हणून आपण त्याला डॉलर-रेफ म्हणू. शेतीसाठी ॲप बनवणारी बारामती-इंदापूरकडची बरीच तरुण मंडळी रोज याच्याशी झगडतात. फाइल समोर दिसत असते आणि आराखडे तपासणारी लायब्ररी मात्र ‘संदर्भ सापडत नाही’ म्हणून अडून बसते. बहुतेक वेळा दोष लायब्ररीचा नसतो. संदर्भ म्हणजे काय, याचीच समजूत चुकलेली असते.

उदाहरणासाठी उसाची नोंद घेऊ. काटेवाडी बारामती तालुक्यात आहे आणि भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना इंदापूर तालुक्यात. म्हणजे गटाचा तालुका आणि कारखान्याचा तालुका एकच असेल असं धरून चालत नाही. मग ‘गाव’, ‘गट’ आणि ‘नोंद’ असे तीन वेगळे आराखडे करू. नोंदीत उसाची जात (को 86032, कोएम 0265), हंगाम (आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा) आणि लागणीची तारीख ठेवू. गट आणि गाव यांच्याकडे संदर्भाने जाऊ.

गैरसमज : संदर्भ म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्याचा रस्ता.

वस्तुस्थिती : जवळजवळ सगळा घोळ इथून सुरू होतो. डॉलर-रेफमध्ये लिहिलेला मजकूर इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नियमाने वाचला जातो. तो नियम 2005 च्या आरएफसी 3986 या दस्तऐवजात आहे. अर्धा पत्ता दिला असेल तर तो कोणत्या तरी मूळ पत्त्याला जोडूनच पूर्ण होतो. हा मूळ पत्ता आराखड्याच्या माथ्यावरचा डॉलर-आयडी ठरवतो. फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे, याला तिथे काही महत्त्व नसतं.

फेरफाराचंही असंच आहे. फेरफार क्रमांक गावनिहाय चालतात, त्यामुळे काटेवाडीच्या वहीतला एखादा क्रमांक शेजारच्या कन्हेरीच्या वहीतही असतो आणि तो अगदी वेगळ्या व्यवहाराचा असतो. पानाच्या माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो म्हणूनच त्या आकड्याला अर्थ येतो. एकाच नावाच्या वाड्याही अनेक तालुक्यांत असतात. 2020 मध्ये आलेल्या सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेतला संकेतांक छापू लागले, ते फार चांगलं झालं. डॉलर-आयडी नेमकं हेच काम करतो.

आता बारकावा पाहा. नोंदीच्या आराखड्याचा डॉलर-आयडी ‘आराखडे/ऊस/नोंद’ या टोकाचा पूर्ण पत्ता असेल आणि त्यात नुसता ‘गाव’ असा संदर्भ दिला असेल, तर शेवटचा ‘नोंद’ हा तुकडा गळतो आणि शोध ‘आराखडे/ऊस/गाव’ इथे होतो. त्याच आयडीच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली की शोध ‘आराखडे/ऊस/नोंद/गाव’ इथे जातो आणि काहीच सापडत नाही. आयडी मुळीच दिला नसेल तर फाइल जिथून उचलली तो पत्ता मूळ धरला जातो. पण प्रोग्रामने फाइल आधीच वाचून नुसता मजकूर लायब्ररीच्या हाती दिला असेल, तर तिच्याकडे मूळ पत्ता उरतच नाही. नवशिक्यांच्या तक्रारींत हे कारण सारखं निघतं.

गैरसमज : पत्ता पूर्ण दिला की लायब्ररी तो आराखडा नेटवरून आपोआप आणते.

वस्तुस्थिती : तसं धरून चालू नये, असं जेसन स्कीमाचं विनिर्देशनच सांगतं. तो पत्ता ही त्या आराखड्याची ओळख असते. तिथे काही ठेवलेलं असलंच पाहिजे असं नाही. पायथनमधली जेसनस्कीमा ही लायब्ररी पूर्वी असे आराखडे स्वतःहून आणत असे. 2023 मध्ये आलेल्या 4.18 आवृत्तीपासून ती जुनी सोय मोडीत काढायला घेतली आणि ‘रेफरन्सिंग’ या वेगळ्या लायब्ररीकडे काम दिलं. तिच्यात रजिस्ट्री असते. कोणत्या ओळखीला कोणता आराखडा, हे आपण तिथे आधी नोंदवायचं. जावास्क्रिप्टमधल्या एजेव्हीलाही आराखडे आधी द्यावे लागतात किंवा ते कसे आणायचे याचं फंक्शन आपण लिहून द्यावं लागतं.

ही सक्ती योग्यच आहे. बाहेरून आलेल्या आराखड्यात कोणी आपल्याच सर्व्हरचा आतला पत्ता संदर्भ म्हणून घातला, तर स्वतःहून आणणारी लायब्ररी तो दरवाजा उघडून बसते. ज्याच्या पत्त्यावर सगळे धावतात त्याचे हालही कमी नसतात. 2008 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक-संस्थेने जाहीर केलं होतं की, एक्सएमएलच्या ठरावीक व्याख्या-फाइली पुन्हा पुन्हा मागणाऱ्या प्रोग्राममुळे तिच्या सर्व्हरवर दिवसाला 13 कोटींपर्यंत मागण्या येतात. त्या फाइली वर्षानुवर्षं बदलत नव्हत्या. एकदा उतरवून जवळ ठेवल्या असत्या तरी काम भागलं असतं.

गैरसमज : संदर्भाच्या जागी मूळ मजकूर चिकटवला की सगळं सुटलं.

वस्तुस्थिती : गटाचे हिस्से पडतात आणि प्रत्येक हिस्सा पुन्हा गटासारखाच असतो. म्हणून गटाच्या आराखड्यात ‘हिस्से’ ही यादी स्वतःकडेच बोट दाखवते. इथे चिकटवणं कधीच संपत नाही. जावास्क्रिप्टची ‘जेसन स्कीमा रेफ पार्सर’ ही लायब्ररी संदर्भ उलगडून अशी वर्तुळं मेमरीत जोडून देऊ शकते, पण ती रचना पुन्हा जेसन मजकूर म्हणून लिहायला गेलात की अडते. शिवाय चिकटवलेल्या मजकुरातले अर्धे पत्ते आता नव्या घराच्या पत्त्याला जोडले जातात आणि भलतीकडे जातात. सगळं एका फाइलमध्ये हवं असेल तर त्याच लायब्ररीतला ‘बंडल’ हा मार्ग घ्या. 2020-12 च्या आवृत्तीत तर प्रत्येक आराखडा त्याच्या डॉलर-आयडीसकट डॉलर-डेफ्स या भागात जसाच्या तसा ठेवता येतो. संदर्भांचं एक अक्षरही बदलावं लागत नाही.

गैरसमज : संदर्भाच्या शेजारी लिहिलेला नियम लागू होतोच.

वस्तुस्थिती : कोणत्या आवृत्तीत लिहिताय त्यावर आहे. सातव्या मसुद्यापर्यंत डॉलर-रेफच्या शेजारचं सगळं दुर्लक्षित करायचं, असा नियम होता. 2019-09 पासून ते विचारात घेतलं जातं. म्हणजे क्षेत्राच्या संदर्भाशेजारी तुम्ही कमाल मर्यादा घातली आणि आराखडा सातव्या मसुद्यात असला, तर पायथनची लायब्ररी ती मर्यादा पाहतच नाही. एजेव्हीच्या नव्या आवृत्त्या मात्र पाहतात. तीच उसाची नोंद एका प्रोग्राममध्ये मंजूर, दुसऱ्यात नामंजूर. आवृत्ती सांगणारा डॉलर-स्कीमा प्रत्येक फाइलमध्ये लिहा.

गैरसमज : नावं मराठीत ठेवली तर संदर्भ चालत नाहीत.

वस्तुस्थिती : चालतात. जेसनला देवनागरीचं वावडं नाही. पण संदर्भ हा पत्ता असल्यामुळे त्यातलं देवनागरी अक्षर टक्क्याच्या चिन्हांनी लिहावं लागतं. ‘गाव’मध्ये युनिकोडची तीन चिन्हं आहेत. प्रत्येकाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटला तीन खुणा धरल्या तर 27 खुणा होतात. कित्येक लायब्ऱ्या ढिलाई दाखवून नुसतं ‘गाव’ही स्वीकारतात, पण त्यावर विसंबू नका. ‘हे/आर’ असं नाव ठेवलंत तर त्यातली तिरकी रेघ, आराखड्याच्या आतली जागा दाखवणाऱ्या 2013 च्या जेसन पॉइंटर नियमाप्रमाणे, टिल्डचं चिन्ह आणि 1 अशी लिहायची, नाहीतर ‘हे’ आणि ‘आर’ अशा दोन पायऱ्या धरल्या जातात.

खरी खोच ‘शेतकऱ्याचे नाव’ यात आहे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे येतं : एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. जेसन पॉइंटर मात्र त्यांना एक मानत नाही. तुलनेआधी ती सारखी करून घ्यायची नाहीत, असा त्याचा नियमच आहे. एकाने एका कळफलकावर नाव लिहिलं, दुसऱ्याने दुसऱ्यावर संदर्भ लिहिला, की संदर्भ तुटला, आणि तासन्‌तास पाहूनही चूक दिसत नाही. नावं मराठीतच ठेवा, पण साठवण्याआधी सगळ्या फाइलींवर युनिकोडचं एकच प्रमाण रूप लावून घ्या.

गैरसमज : सगळे संदर्भ सुटले म्हणजे माहिती खरी.

वस्तुस्थिती : आराखडा माहितीचा आकार तपासतो. गावाचा संकेतांक सहा अंकी आहे की नाही एवढंच तो सांगेल. तो संकेतांक काटेवाडीचाच आहे का, हा गट त्याच खात्यात आहे का, हे डेटाबेसलाच विचारावं लागतं.

शेती, कारखाना किंवा पतसंस्थेसाठी असे आराखडे लिहीत असाल तर एवढं कराच. प्रत्येक फाइलला पूर्ण पत्त्याचा डॉलर-आयडी द्या, सगळे आराखडे सुरुवातीलाच रजिस्ट्रीत भरा आणि नेट बंद ठेवून तपासणी चालवा. जो संदर्भ तेव्हा अडेल तो आजच दुरुस्त करा. गाळप सुरू झाल्यावर गव्हाणीपाशी वाहनांची रांग लागलेली असताना तो शोधायला कोणाला सवड नसते.