शॉकअप गळते तेव्हा

मोटारसायकलचे पुढचे चाक ज्या दोन नळ्यांच्या आधाराने हँडलशी जोडलेले असते, त्यांना गॅरेजमध्ये सरसकट ‘शॉकअप’ म्हटले जात असले, तरी त्यांचे तांत्रिक नाव टेलिस्कोपिक फोर्क असे आहे. जुन्या दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एक नळी दुसरीत सरकते, म्हणून हे नाव पडले. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांना तेलाने नियंत्रित होणारा असा फोर्क बसवला, आणि पुढच्या दोन दशकांत ही रचना जगभर रूढ झाली. भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेल्या यामाहा आरएक्स-१०० या ९८ सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीलाही हाच साधा फोर्क होता. या गाडीचे उत्पादन थांबून तीन दशके होत आली असली तरी तिचे चाहते कमी झालेले नाहीत. मात्र रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच जणींचे हँडल, चाके, टायर किंवा ब्रेक मूळचे राहिलेले नसतात, आणि फोर्कच्या दुरुस्तीतला खरा गुंता तिथूनच सुरू होतो.

हा गुंता समजण्यासाठी फोर्कच्या आत काय चालते ते आधी पाहिले पाहिजे. वरची, चकचकीत क्रोम चढवलेली पोलादी नळी म्हणजे ‘पाइप’. ती ज्यात सरकते तो ॲल्युमिनियमचा खालचा भाग म्हणजे ‘बॉटम’. पाइपमध्ये एक लांब स्प्रिंग असते आणि बॉटमच्या तळाशी खालून ॲलन बोल्टने आवळलेली एक पोकळ दांडी उभी असते, जिच्या अंगावर लहान छिद्रे असतात. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्का गिळते, पण दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उसळते. ही उसळी आवरण्यासाठी तेलाला दांडीच्या बारीक छिद्रांतून जबरदस्तीने जावे लागते आणि त्या घर्षणात गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. या क्रियेला पदार्थविज्ञानात अवमंदन म्हणतात. म्हणजे धक्का शोषते ती स्प्रिंग, आणि तेल आवरते ते स्प्रिंगला. गॅरेजमधले ‘शॉकअप’ हे नाव या दोन्ही कामांना एकाच पोत्यात घालते, त्यामुळे दोष कुठला आणि उपाय कुठे, याची गल्लत वारंवार होते.

या रचनेची एक जन्मजात मर्यादाही आहे. ठरावीक आकाराच्या छिद्रातून जाणाऱ्या तेलाचा रोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, सावकाश हालचालीत हा फोर्क ढिला वाटतो आणि अचानक आलेल्या खोल खड्ड्यात तोच दगडासारखा कडक होतो. जाड तेल घातल्याने दोन्ही टोके एकदमच वर सरकतात. ढिलेपणा कमी होतो, पण खड्ड्याचा दणका मनगटापर्यंत जास्त पोहोचतो.

दुरुस्तीची वेळ बहुधा पाइपवर तेलाचे कडे दिसू लागले की येते. ऑइल सील म्हणजे बॉटमच्या तोंडाशी बसणारी, पाइपला रबरी ओठाने घट्ट धरणारी कडी. ती गळू लागली की नवी टाकून काम संपले असे मानण्याची सर्वत्र पद्धत आहे. परंतु सील हा बहुतेक वेळा गुन्हेगार नसून बळी असतो. पाइपच्या क्रोमवर गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडलेले असतील, आणि कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत ते लवकर पडतात, तर प्रत्येक हेलकाव्याला त्या खड्ड्यांच्या कडा सीलच्या ओठावर कानस फिरवल्यासारख्या घासतात आणि नवे सीलही काही महिन्यांत फाटते. डोळ्यांना न दिसणारा खड्डा नखाला लागतो. पाइप कापडाने पुसून त्यावरून नख उभे फिरवले आणि ते अडखळले, तर नुसत्या सीलवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही, हे त्याच क्षणी कळते.

फोर्क उघडताना क्रम महत्त्वाचा असतो. तळाचा ॲलन बोल्ट स्प्रिंग आत दबलेली असतानाच ढिला करावा, कारण तेव्हा स्प्रिंगच्या दाबाने आतली दांडी जागेवर धरलेली राहते. स्प्रिंग आधी काढली तर बोल्टबरोबर दांडीही गरगर फिरत राहते. वरचे टोपण काढताना मात्र तीच स्प्रिंग ते उडवू शकते, म्हणून तोंड बाजूला ठेवून, हाताने दाबत शेवटचे आटे सोडावे लागतात. जुने सील स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना बॉटमच्या मऊ काठावर लाकडाचा तुकडा ठेवला नाही तर तिथे कायमची खाच पडते, आणि पुढची गळती सीलच्या आतून नव्हे, बाहेरून होते. आतून निघालेले काळपट, चांदीसारखी चमक असलेले तेल पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. ती चमक झिजलेल्या ॲल्युमिनियमची असते, कारण बऱ्याच लहान गाड्यांत वेगळे बुश नसून पाइप थेट बॉटमच्या धातूवरच सरकत असतो.

यानंतर पाइप सरळ आहे का, हे पाहायचे. दोन व्ही-ब्लॉकवर तो आडवा ठेवून, मधोमध डायल गेज लावून सावकाश फिरवला की वाकडेपणा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचता येतो. अनेक कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तिकांत ही मर्यादा ०.२ मिलिमीटर दिलेली आढळते. वाकलेला पाइप प्रेसवर सरळ करून देणारे कारागीर गावोगावी आहेत आणि थोडा वाक असेल तर काम निभतेही, पण घडी किंवा चुणी पडलेला पाइप पुन्हा वापरणे हा शुद्ध वेडेपणा होय. खड्डे पडलेला पाइप ग्राइंड करून, त्यावर हार्ड क्रोमचा थर चढवून, पुन्हा मूळ मापाला घासून घेता येतो. पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी मिळणाऱ्या अज्ञात इतिहासाच्या पाइपपेक्षा हा मार्ग बहुधा अधिक भरवशाचा ठरतो.

बदललेल्या गाडीचा प्रश्न याच्या पुढचा आहे, कारण तिला तिची मूळ पुस्तिका पुरती लागू पडत नाही. उंच हँडल काढून खाली वाकलेले क्लिप-ऑन हँडल लावले की चालकाचे वजन पुढे सरकते आणि स्प्रिंग उभ्या गाडीतच जास्त दबते. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगवर वॉशरची चळत किंवा नळीचा तुकडा घालतात. त्याने गाडीचे तोंड उचलले जाते, पण स्प्रिंग कडक होत नाही, ती तेवढीच मऊ राहते. उलट स्प्रिंगचे वेढे कापले तर ती खरोखर कडक होते, कारण कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि कमी झालेली लांबी मग नळीने भरून काढावी लागते. ड्रम ब्रेकच्या जागी एका बाजूला डिस्क बसवली की ब्रेकचा सगळा पीळ एकाच नळीवर येतो, ज्यासाठी बारीक पाइप बनवलेलेच नसतात. नळीचा व्यास आणि भिंत त्याच प्रमाणात एक दशांशाने वाढवली तर वाकण्याचा प्रतिकार सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो, यावरून उलट दिशेने बारीक नळीचा दुबळेपणा लक्षात यावा.

फोर्क उंचावण्याचा किंवा टीमधून, म्हणजे दोन्ही पाइप धरणाऱ्या पकडीतून, पाइप वर ओढून गाडी बसकी करण्याचा मोह तर याहून महाग पडतो. हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या काही सेंटिमीटर पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात आणि गाडी सरळ धावते ती त्याच्या बळावर. तोंड खाली आणले की हे अंतर कमी होऊन हँडल चंचल होते, आणि ऐन दणक्यात मडगार्ड टीवर आदळण्याचीही शक्यता असते. कायद्याची बाजूही विसरून चालत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल करण्यास मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका घेतली. झिजलेला फोर्क मूळ मापाने पुन्हा बांधणे ही मात्र दुरुस्ती असते.

तेल भरताना मोजायची गोष्ट मिलिलिटरपेक्षा पातळी ही आहे. स्प्रिंग काढून, पाइप पूर्ण खाली दाबून, वरच्या काठापासून तेलापर्यंतचे अंतर पट्टीने मोजायचे. कारण तेलावर कोंडलेली हवा दुसऱ्या स्प्रिंगचे काम करते. हे अंतर १२० मिलिमीटर आणि फोर्कची हालचाल ११० मिलिमीटर धरली, स्प्रिंगने व्यापलेली जागा व नळीच्या भिंतीची जाडी हिशेबातून वगळली, तर फोर्क पूर्ण दबताना हवेचा दाब सुमारे १.९ पट होतो. तेल ३० मिलिमीटरने वाढवले तर तो २.२ पटींवर जातो. दोन्ही नळ्यांत ही पातळी सारखी असणे तर अत्यावश्यकच. तेलाच्या डब्यावरचे १०डब्ल्यू, १५डब्ल्यू हे आकडे कंपनीगणिक वेगवेगळ्या दाटपणाचे असू शकतात, म्हणून ४० अंश सेल्सियसला दिलेला सेंटिस्टोकचा आकडा पाहून तेल निवडणे शहाणपणाचे ठरते.

नवे सील बसवण्यापूर्वी पाइपच्या धारदार टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून, ओठाला ग्रीस लावून ते सरकवावे. नाहीतर ते पहिल्याच क्षणी कापले जाते. चाक व ॲक्सल बसवल्यावर टीचे बोल्ट लगेच आवळू नयेत. गाडी चाकावर उभी करून, पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा दाबले की नळ्या आपोआप समांतर होतात, मग आवळाआवळ करावी. पाइपवर एक प्लास्टिकची बारीक टाय-पट्टी बांधून चालक बसल्यावर फोर्क किती खाली जातो ते मोजले, तर एकूण हालचालीच्या चतुर्थांश ते तृतीयांशापर्यंतचा दाब योग्य समजला जातो. त्यानंतर शंभर-एक किलोमीटर चालवून पाइपवर बोट फिरवून पाहावे: बोटाला पातळसा ओशटपणा लागणे स्वाभाविक आहे, पण तेलाचे कडे पुन्हा दिसले तर फोर्क पुन्हा उघडावा लागेल.