जुळ्यांची वार एक की दोन?

टीव्हीवर जुळी भावंडे आली की पुढची गोष्ट प्रेक्षकांना पाठ असते. लहानपणी ताटातूट, मग अदलाबदल, शेवटी ओळख पटणे. ‘सीता और गीता’ (१९७२) याच वाटेने गेला. ‘जुडवा’ने (१९९७) त्यात भर घातली: एकाला लागले की दुसरा कळवळतो. पुराणांत तर देवांचे वैद्य अश्विनीकुमार स्वतःच जुळे आणि त्यांचे पुत्र नकुल-सहदेवही जुळे.

एकाचे दुखणे दुसऱ्याला जाणवते, याला शास्त्रीय आधार नाही. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा वेगळे असतात. आईच्या पोटात मात्र एकाचा जीव खरोखरच दुसऱ्यात गुंतलेला असू शकतो.

एकाच फलित बीजाचे दोन भाग झाले की एकसारखी जुळी होतात. यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जुळ्यांची वार एकच असते आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा १०० गरोदरपणांपैकी १० ते १५ मध्ये एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू लागते. एकाभोवतीचे पाणी आटते, वाढ खुंटते; दुसऱ्याच्या हृदयावर ताण येतो. वेळीच उपचार झाले नाहीत, तर दोघेही दगावू शकतात.

वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट कळते. नंतर ते ओळखणे कठीण होत जाते. वार एकच असेल, तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते.

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या धानाच्या पट्ट्यातील गावात हे तीन आठवडे रोवणीच्या धांदलीत आले, तर सहज निसटू शकतात. म्हणून पाळी चुकताच आशाताईंकडे नोंद करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांपूर्वीच जन्मतात. त्यामुळे बाळंतपण कुठे करायचे आणि तिथे कसे पोहोचायचे, हे सातव्या महिन्यातच ठरलेले बरे. त्यासाठी १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते.

जोडकेळ खाल्ल्याने जुळी होत नाहीत, त्यामुळे सुनेच्या ताटावर नजर ठेवण्याचे कारण नाही. सोनोग्राफीत जुळी दिसली, की घरच्यांनी डॉक्टरांना एवढेच विचारावे: वार एक आहे की दोन? आणि ते उत्तर कार्डावर लिहून घ्यावे.