दम्याचा पंप आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी



थंडी सुरू झाली की गटाच्या बैठकीत एक प्रश्न येतोच. “पोराला दमा आहे. ड जीवनसत्त्व कमी आहे म्हणून होतो म्हणतात. मग त्याची पुडी दिली तर पंप बंद करता येईल का?” उत्तर आधीच सांगते : नाही. का नाही, ते समजून घेऊ.

दम्यात फुफ्फुसात हवा नेणाऱ्या नळ्यांना आतून सूज असते. धूळ, धूर, सर्दी असं काही निमित्त झालं की त्या आवळतात. मग खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, धाप.

ड जीवनसत्त्व आपल्या कातडीत उन्हामुळे तयार होतं. दमा असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये ते कमी आढळलं, म्हणून डॉक्टरांनाही वाटलं की ते वाढवलं तर दमा आटोक्यात येईल. पण उलटंही असू शकतं ना? धाप लागते म्हणून मूल घरात बसतं, ऊन मिळत नाही, म्हणून जीवनसत्त्व कमी होतं.

हे तपासायला अमेरिकेत १९२ मुलांवर अभ्यास झाला. सगळ्यांना दमा होता, ड जीवनसत्त्व कमी होतं आणि रोजचा पंप चालू होता. काहींना रोज ४,००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. २०२० मध्ये निकाल आला. दम्याचा जोराचा झटका जीवनसत्त्व घेणाऱ्या शंभरातल्या साधारण ३८ जणांना आला, न घेणाऱ्या शंभरातल्या ३४ जणांना. म्हणजे फायदा दिसला नाही.

मग ड जीवनसत्त्व नकोच का? तसं नाही. हाडांसाठी ते लागतंच. कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच द्यायचं. ६०,००० युनिटची पुडी मेडिकलमधून आणून मनानेच देत राहिलं, तर रक्तात कॅल्शियम वाढतं. उलट्या होतात, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते.

“पंपाची सवय लागते” ही भीतीही सोडा. रोजचा पंप सूज कमी ठेवतो, म्हणून तर मूल बरं दिसतं. पीक हिरवं दिसतंय म्हणून आपण पाणी तोडतो का?

घरी एवढं करा :
• रोजचा पंप डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. लहान मुलाला स्पेसर लावून द्या, नंतर चूळ भरायला लावा.
• चुलीचा, विडीचा, कचरा जाळल्याचा धूर मुलापासून लांब ठेवा.
• दमा आटोक्यात असेल तर मुलाला उन्हात खेळू द्या.
• तपासणीसाठी गटातून कर्ज उचलण्याआधी तिची खरंच गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. शाळा-अंगणवाडीत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही मूल दाखवा.

मुलाला बोलताना वाक्य पुरं करता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर थांबू नका. त्रास झाल्यावर घ्यायचा पंप द्या आणि लगेच १०८ ला फोन करा.